वार्षिकांकासाठी एसटीने येणाऱ्या मुलींवर लिहायचंय, 'साहित्यिक करून आण' म्हणतात. मदत हवी आहे

नमस्कार. मी कराडला बीएस्सी भाग दोनला आहे. ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका गावातून रोज एसटीने येते-जाते.

कॉलेजच्या नियतकालिकासाठी साहित्य मागवल्याची नोटीस लागली आहे. कथा, कविता, ललित, वैचारिक लेख. फुलस्केपच्या एकाच बाजूला लिहायचं, खाली 'सदर लेखन माझे स्वतःचे आहे' असं लिहून सही करायची. शेवटच्या तारखेला अजून सोळा दिवस आहेत.

गेल्या वर्षी माझी आईवरची कविता छापून आली. आजीने तो अंक देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय. मी मात्र दिवाळीच्या सुट्टीत तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, तेव्हा जाणवलं की आमचं रोजचं कॉलेज त्यात नाहीच. एनएसएसचा अहवाल आहे, जिमखान्याचा आहे, पाहुण्यांच्या सत्काराचे फोटो आहेत. पण सायकल स्टँडमागच्या कट्ट्यावर सकाळी साडेदहालाच डबा उघडणाऱ्या मुली नाहीत. त्यांनी सहाच्या आधी घर सोडलेलं असतं, त्यामुळे त्यांना तेव्हाच भूक लागते. वाङ्मय मंडळाचे कार्यक्रम चारनंतर असतात. आमची गाडी पावणेपाचला. त्या मंडळात आमच्या बाजूची एकही मुलगी नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

हे मी लिहिलं आणि विभागाच्या सरांना दाखवलं. सर चांगले आहेत, त्यांनी पूर्ण वाचलं. म्हणाले, "विषय चांगला आहे, पण भाषा जरा साहित्यिक कर आणि तक्रारीचा सूर काढून टाक." म्हणून परत लिहिलं. त्याची सुरुवात अशी आहे:

"एसटी ही ग्रामीण भागातील मुलींची जीवनवाहिनी आहे. लालपरीच्या पंखांवर बसून त्या आपल्या स्वप्नांच्या आकाशात झेप घेतात."

हे मला खोटं वाटतंय. पंख वगैरे काही नसतं, उभं राहून यावं लागतं. मग साहित्यिक म्हणजे नक्की काय करायचं? तक्रारीचा सूर काढला तर लेखात उरणार काय? आणि मैत्रिणींविषयी लिहिताना त्यांना विचारायला हवं का? मला हे मनापासून लिहायचं आहे. नुसतं छापून यावं एवढ्यासाठी नाही.

प्रतिसाद

मी मराठी शिकवायचो. आता निवृत्त आहे. महाविद्यालयाच्या अंकाचं काम अकरा वर्षं केलं, म्हणून तुझ्या सरांची बाजू आधी सांगतो.

तुमच्या अंकाचं शेवटचं पान काढ. बहुतेक तिथे 'फॉर्म नं. ४' छापलेला असेल: प्रकाशनाचे स्थळ, कालावधी, मुद्रक, प्रकाशक, संपादक. प्रकाशकाच्या जागी बहुधा प्राचार्यांचं नाव असतं, संपादकाच्या जागी एखाद्या प्राध्यापकाचं. विद्यार्थ्याने काहीही लिहिलं तरी जाब त्या दोघांना विचारला जातो. शिवाय अंक विद्यापीठाच्या नियतकालिक स्पर्धेला जातो. शिवाजी विद्यापीठात ही स्पर्धा आहे, पुण्यातही आहे. त्यामुळे संपादक जपून असतात. तुला दाबायचा त्यांचा हेतू असेल असं मला वाटत नाही.

'साहित्यिक' या शब्दाने मात्र पोरांचं फार नुकसान केलंय. माझ्याकडे येणाऱ्या दर दहा लेखांपैकी सहा-सात लेखांत जीवनवाहिनी, स्वप्नांचं आकाश, ज्ञानाची गंगा असायचीच. असे शब्द दुसऱ्याने वापरून गुळगुळीत केलेले असतात. सायकल स्टँडमागचा साडेदहाचा डबा फक्त तुझा आहे. माझ्या मते लेखातली सगळ्यात साहित्यिक जागा तीच, आणि दुसऱ्या खर्ड्यात तूच ती खोडलीस.

तक्रारीच्या सुराचं म्हणशील, तर 'अन्याय', 'दुर्लक्ष', 'कधी जाग येणार' हे शब्द काढ आणि घडतं ते तसंच ठेव. मंडळाच्या कार्यक्रमाची वेळ लिही, पुढच्याच ओळीत गाडीची वेळ लिही. मध्ये एक शब्दही घालू नकोस. आणि एकदा बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकांना भेट. पावणेपाचची गाडी चुकली तर पुढची कधी, ती कुठवर जाते, रस्त्यात बंद पडली तर काय करतात, हे विचारून घे. मंडळाच्या प्रमुखांनाही विचार की कार्यक्रम चारनंतरच का ठेवतात. तास बुडू नयेत म्हणून, असं ते सांगतील. त्यांचं तेही म्हणणं लेखात येऊ दे. मग सरांना हात घालायला जागा राहणार नाही.

प्रतिसाद

मीही पासवालीच होते, तासगावकडची. पासाचं नक्की लिही गं. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत असतो. तेरावीला आलं की तीच मुलगी, तीच गाडी, तोच कंडक्टर, पण पासाच्या खिडकीत पहिल्यांदा पैसे मोजावे लागतात. विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे साधारण दहा दिवसांच्या भाड्यात महिना निघतो. तेही मोठंच आहे. पण ज्या घरात दोन मुली एकदम कॉलेजला जातात, तिथे तेवढ्यावरूनही बोलणं होतं. माझ्या धाकट्या बहिणीने त्यावरून एक वर्ष गॅप घेतली होती. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय, पण रोज जाणारीला पासच परवडतो. हा हिशेब ज्याला माहीत नाही त्याला 'शिकायला जाते' म्हणजे काय ते कळत नाही.

मैत्रिणींना विचारायलाच हवं. आमच्या वेळी एकीने दुसरीच्या घरचं अंकात लिहिलं, नाव बदलून. गावात सगळ्यांना कळलं. त्या मुलीचं कॉलेज बंद झालं असतं, तिच्या मामांनी मध्ये पडून थांबवलं. नाव बदलून भागत नाही, कारण गाव, शाखा, वडलांचा धंदा एवढ्यावर माणूस ओळखू येतो. लिहिलेलं तिला वाचून दाखव आणि ती काढ म्हणाली तर काढ.

प्रतिसाद

मी विद्यार्थी संपादक होतो, त्यामुळे कामाचं तेवढं सांगतो. हाताने लिहून दिलंस तरी युनिकोडमध्ये टाइप केलेली प्रतही दे. बऱ्याच छापखान्यांत अजून जुने फाँट चालतात, आणि एकातून दुसऱ्यात नेताना रफार आणि जोडाक्षरं फुटतात. आमच्या अंकात 'वर्ग' या शब्दाचा रफार सगळीकडे उडाला होता. म्हणून सरांना आत्ताच सांगून ठेव की लेखाचं प्रूफ मी स्वतः वाचीन. विद्यार्थी सहसा हे मागत नाहीत, पण मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

आणि अंक येईपर्यंत वर्ष संपत येतं, तोवर थांबू नकोस. भित्तिपत्रकाचा फलक असेल तर त्यातलंच दोनशे शब्दांचं तिथे लाव. तिथे उभं राहून मुली काय बोलतात ते ऐक. माझा पुढचा लेख मला तिथेच मिळाला होता.

मूळ लेखिका

सर, ताई, दादा, तिघांचंही दोनदा वाचलं. फॉर्म नं. ४ खरंच आहे शेवटच्या पानावर, कधी पाहिलाच नव्हता. बसस्थानकावर काल जाऊन आले. नियंत्रकांनी खुर्ची दिली आणि वहीत बघून सगळ्या वेळा सांगितल्या. पुढची गाडी सव्वासहाची आहे, पण ती तळमावल्यापर्यंतच जाते. तिथून पुढे वडाप, म्हणजे माणसं भरून जाणारी खासगी जीप.

सुरुवात बदलली आहे. मैत्रिणीला वाचून दाखवली, तिने तिच्या गावाचं नाव तेवढं काढायला लावलं:

"टायट्रेशनमध्ये शेवटी थेंब थेंब सोडायचा असतो. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला की थांबायचं. तिची दोन रीडिंग झाली होती, तिसरं चालू होतं. खिडकीतून मी म्हटलं, 'आगं चल की, गाडी लागली आसंल.' तिने घड्याळाकडे बघितलं, तेवढ्यात ब्युरेटमधून जास्त पडलं. रंग गडद झाला. गडद झाला की रीडिंग बाद. मॅडम म्हणाल्या, परत घे. चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. तिने फ्लास्क धुऊन पालथा ठेवला आणि जर्नलमध्ये तिसऱ्या रीडिंगची जागा मोकळी सोडली."

एकच विचारायचं राहिलं. 'आगं', 'आसंल' असंच ठेवू की शुद्ध करू? सर खोडतील अशी भीती वाटते.

प्रतिसाद

ठेव. पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायची मोकळीक शुद्धलेखनाच्या नियमांतच दिलेली आहे. सरांना ते माहीत असणार, तरी विचारलंच तर एवढंच सांग. निवेदनाची भाषा तुझी नेहमीची आहे, ती तशीच चालू दे. फक्त 'गडद झाला की रीडिंग बाद' याच्या पुढे काही समजावून सांगायचा मोह झाला तर आवर. आर्ट्सच्या पोरांनाही तेवढं कळतं.

मोकळ्या सोडलेल्या त्या जागेचं पुढे काय झालं, ते लेखात आहे का?

मूळ लेखिका

आहे सर. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडायच्या आधी आम्ही दोघी दारात बसलो होतो. लॅबमधले मामा आठ वाजता आले आणि त्यांनी आम्हाला आत घेतलं. ते आज रात्री लिहिते आणि उद्या मामांना वाचून दाखवते.