टाकीपेक्षा बंद नळ बघा
लिजिओनेला (न्यूमोनिया करणारा जिवाणू) टाळायला पाण्याची टाकी वर्षातून दोनदा धुतली की झालं, असं म्हणतात, ते अर्धंच खरं. पाणी साचून राहतं त्या पाइपांचं काय? नागपुरातल्या एका हॉस्पिटलात मी देखभाल बघतो. दोन महिने बंद असलेल्या खोलीतला शॉवर उघडला, तर आधी नुसती फुसफुस, मग कोमट पिवळं पाणी, आणि जाळीच्या आत बोटाला लागणारा बुळबुळीत थर. लिजिओनेला त्यातच पोसतो आणि तुषारांतून फुफ्फुसात जातो.

हा जिवाणू २० ते ४५ अंशांत वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं ‘थंड’ पाणीच तेवढं तापलेलं असतं, वर क्लोरीनही लवकर उडतं. म्हणून न वापरलेले नळ दर आठवड्याला पाच मिनिटं सोडतो, गिझर ६० अंशांवर. वीजबिलावरून कुरकुर होते, होऊ द्या.