मॉन्स्टर म्हणजे राक्षस?

अनुस्वार: १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन' चित्रपटाची मराठी उपशीर्षकं करताना 'मॉन्स्टर'पाशी, म्हणजे डॉक्टर फ्रँकेन्स्टाइननं प्रेतांचे तुकडे जोडून घडवलेल्या जीवापाशी, अडलंय. दोनच ओळी, ओळीला चाळीसेक अक्षरं, त्यामुळे ऐसपैस वर्णनाला जागा नाही. 'राक्षस' लिहिलं, तर 'भस्मासुर' हवं असा शेरा आला. काय ठेवावं?

काना_मात्रा: भस्मासुरच. कर्त्यावर उलटलेली करणी म्हटलं की मराठी माणसाला दुसरं काही आठवत नाही. 'महागाईचा भस्मासुर' रोज छापून येतो.

तळटीप: छापून येतो म्हणून बरोबर ठरत नाही. भस्मासुराच्या कथेचा भर शंकरानं दिलेल्या वरावर आहे, घडवण्यावर नाही. तिथे असुर देवामागे धावतो. मेरी शेलीच्या १८१८च्या मूळ कादंबरीत शेवटी निर्माताच त्याच्यामागे उत्तर ध्रुवाच्या बर्फात धावतो. शिवाय आपल्या शब्दांना कूळ असतं. दैत्य दितीचे, दानव दनूचे, रावण पुलस्त्याचा नातू. ह्या बिचाऱ्याचं दुखणंच मुळी कूळ नसण्याचं आहे. 'राक्षस' म्हटलंत की त्याला आजोबा मिळाले! ह्याच कादंबरीवरच्या १८२३च्या लंडनच्या नाटकाच्या जाहिरातीत ह्या पात्राच्या जागी नुसती रेघ होती आणि तुमच्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत नटाच्या नावाऐवजी प्रश्नचिन्ह आहे.

काना_मात्रा: मग उपशीर्षकात रेघ मारायची का? प्रेक्षक दितीची वंशावळ काढत बसत नाही. 'राक्षसी बहुमत' म्हणताना पुलस्त्य कुणाला आठवतो?

वेलांटी: नामापेक्षा सर्वनाम जास्त छळेल. टेबलावरचं प्रेत 'ते', चालायला लागलं की 'तो'. हात हलतो त्या प्रसंगात 'जिवंत झालंय' लिहिलंत तर नपुंसकलिंग पक्कं, 'झालाय' म्हटलंत तर तो माणूस ठरला. 'जिवंत आहे!' लिहा, लिंग झाकलं जातं. पुढे गावकरी ओरडतात तिथे 'राक्षस' खुशाल चालेल, कारण ती त्यांची शिवी आहे. डॉक्टरच्या तोंडी मात्र तोच शब्द नको.

शुद्धमती: 'मॉन्स्टर'च्या मूळ लॅटिन शब्दाचा संबंध 'इशारा देणे' ह्या क्रियापदाशी जोडतात. विचित्र जन्म म्हणजे दैवी इशारा. आपल्याकडे ह्याला नेमका शब्द आहे, 'उत्पात'. बृहत्संहिता ह्या जुन्या ज्योतिषग्रंथात त्यावर अख्खा अध्याय आहे, विकृत प्रसूतीसुद्धा त्यात येते.

काना_मात्रा: 'उत्पात आला, पळा!' असं गावकरी ओरडणार? आज उत्पात पोरं करतात. आणि पंढरपुरात ते रुक्मिणीच्या २०१४पर्यंतच्या पुजाऱ्यांचं आडनाव आहे.

शुद्धमती: अर्थ घसरला म्हणून शब्द टाकून द्यायचा नसतो.

वेलांटी: टाकू नका, पण उपशीर्षक दोन-तीन सेकंदच दिसतं. तेवढ्यात अर्थ परत वर चढवता येत नाही.

दशावतारी: असुर म्हणजे निव्वळ भीती हे तरी कुणी ठरवलं? कोकणातल्या दशावतारी नाटकातला संकासुर बघा. काळा पोशाख, लोंबणारी लाल जीभ, वेद पळवणारा खलनायक, आणि प्रेक्षक सगळ्यात जास्त हसतात ते त्याच्या मालवणी बोलण्याला.

शुद्धमती: 'शंखासुर' लिहा. वेद चोरून समुद्रात शंखात लपला तो.

दशावतारी: पुराणात शंखासुर. रंगमंचावर संकासुरच.

तळटीप: 'शंकासुर' असंही ऐकू येतं, ब्रह्मदेवाला शंका विचारतो म्हणून.

दशावतारी: ती नंतर चिकटवलेली व्युत्पत्ती. शंकेचा तिथे काही संबंध नाही.

अनुस्वार: डॉक्टरच्या तोंडी काय घालू, ते राहिलंच.

शुद्धमती: शंका नाही तर 'ख'चा 'क' कसा झाला, ते आधी सांगा.