मदत हवी आहे: जर्मनीतलं सेमिस्टर इथे धरत नाहीत

सहावी_खिडकी:
एरॅस्मस प्लसमधून (युरोपियन युनियनची विद्यार्थी-देवाणघेवाण योजना) एक सेमिस्टर जर्मनीत करून आले. ३० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट), सगळे विषय पास. आता आमचा परीक्षा विभाग म्हणतो नापास! पुढच्या वर्षाच्या फॉर्मची मुदत शुक्रवारी संपतेय. काय करू? लवकर सांगा.

पावशेर_ज्ञान:
शाखा? वर्ष? आणि नापास हे लेखी दिलंय की खिडकीतून तोंडी?

भटक्या_कोथरूडकर:
मीही गेलो होतो. माझं ऐका, तिकडेच मास्टर्सला अर्ज करा. इथे डोकं फोडून उपयोग नाही.

पावशेर_ज्ञान:
आधी तिचं तिसरं-चौथं वर्ष तरी होऊ द्या, साहेब.

सहावी_खिडकी:
मेकॅनिकल, तिसरं. तोंडीच. १.७, २.३ असे ग्रेड आहेत, ते त्यांनी १० पैकी म्हणून चढवलेत.

निवृत्त_मास्तर:
अगं, मग हे आधी सांगायचंस ना! तिकडे उलटी गंगा. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. गुण बदलायचं सुधारित बव्हेरियन सूत्र उलटं लावलं, कमाल १० आणि उत्तीर्ण ४ धरले, तर १.७ चे ८.६ येतात.

टक्केवारी:
सर, ते सूत्र बाहेरचे गुण जर्मन करायला आहे. ईसीटीएसमध्ये ग्रेडवाटपाचा तक्ता असतो, कुठला ग्रेड किती टक्के मुलांना मिळाला त्याचा. तो लावायला हवा.

निवृत्त_मास्तर:
आणि तो खिडकीतला कारकून वाचणार?

टक्केवारी:
तुमचं सूत्र वाचणार होता वाटतं! शिवाय क्रेडिटचं काय? युरोपात वर्षाला ६०, आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ४०. म्हणजे ३० चे २०. सेमिस्टर २२ चं असेल तर वरचे दोन कुठून आणणार?

पावशेर_ज्ञान:
गणितं थांबवा दोघंही. ताई, जाण्याआधी लर्निंग अॅग्रीमेंट केलं असेल ना? त्यातला तक्ता ब काढा. 'अ'मध्ये तिकडचे विषय, 'ब'मध्ये त्यांच्या बदल्यात इथले कुठले धरायचे ते. त्यावर तुमच्या कॉलेजची सही आहे. ते क्रेडिट त्यांनी कबूल केलेत, तिथे २०-२२ चा प्रश्नच नाही. राहिला ग्रेडचा, तर मार्कशीटमागे ग्रेडची पट्टी छापलेली असते, तीही जोडा.

सहावी_खिडकी:
आहे. पण एक विषय तिथे गेल्यावर बदलला, जर्मनमध्ये निघाला म्हणून. बदलाचा फॉर्म तेव्हाच इकडे मेल केलेला. तिकडची सही आहे, आमचे कोऑर्डिनेटर मधेच बदलले आणि इथली राहिली.

पावशेर_ज्ञान:
अहो, हेच तर विचारत होतो! बाकीच्या विषयांचा अर्ज आजच इनवर्ड करा, पोच घ्या. त्या एका विषयासाठी मेलची तारखेसकट प्रिंट घेऊन प्राचार्यांकडे जा. खिडकीत वाद घालू नका.

सह्याद्री_९८:
परदेशी कॉलेजांशी केलेले एमओयू (करार) म्हणजे नॅकच्या, कॉलेजला दर्जा देणाऱ्यांच्या, फाइलला फोटो. पाहुणे आले, शाल-श्रीफळ झालं, संपलं.

टक्केवारी:
असं नसतं हो. यूजीसीचे २०२२ चे नियम वाचा, ट्विनिंगमध्ये (इथल्या आणि परदेशी संस्थेने मिळून चालवलेला कोर्स) तीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशातून घेता येतात.

सह्याद्री_९८:
ही ट्विनिंगला गेली होती का?

सहावी_खिडकी:
पोच मिळाली. प्राचार्य दुपारी चारनंतर भेटतील म्हणे.

नवा_भिडू:
ताई, एरॅस्मसला जायला आयईएलटीएस, ती इंग्रजीची परीक्षा, लागते का हो?