स्पोर्ट्‌स कार जपून चालवावी की खेचून? गाडी नेमकी कशाने बिघडते?

घाटमाथा (धागालेखक)

पुण्यात सेकंडहँड स्पोर्ट्‌स कारच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असते : ‘एकाच मालकाची, अतिशय जपून, फक्त रविवारी चालवलेली.’ विकणाऱ्याला ते प्रशस्तिपत्र वाटते आणि घेणाराही त्यासाठी दोन-चार लाख जास्त मोजायला तयार होतो. माझे मत नेमके उलट आहे. इंजिन पुरते तापल्यावर नियमितपणे वरच्या फेऱ्यांपर्यंत (फेरे म्हणजे इंजिन मिनिटाला किती वेळा फिरते तो आकडा) खेचलेली गाडी ही कव्हर घालून तळघरात उभ्या केलेल्या गाडीपेक्षा यांत्रिकदृष्ट्या अधिक भरवशाची असते, आणि ज्याला आपण ‘जपणे’ म्हणतो त्यातले बरेचसे इंजिनाच्या मुळावर येणारे असते.

प्रभात रस्त्यावरून कॅम्पात जाऊन परत येणाऱ्या गाडीचा विचार करा. कूलंटचा काटा काही मिनिटांत मध्यावर येतो, म्हणून मालक समजतो की इंजिन तापले. परंतु ऑइलला त्या तापमानाला पोहोचायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. थंड इंजिनात ज्वलनातून निर्माण होणारे पाणी आणि न जळलेले पेट्रोल पिस्टन रिंगांच्या फटीतून ऑइलमध्ये उतरते. ऑइल शंभर अंशांच्या आसपास काही काळ राहिले तरच ते उडून जाते, नाहीतर तिथेच साचून ऑइल पातळ आणि आम्लयुक्त करते. बीएमडब्ल्यूने ई४६ मालिकेच्या एम३ मध्ये फेऱ्यांच्या डायलभोवती दिवे बसवले होते, जे इंजिन थंड असताना खालच्या फेऱ्यांपासूनच पेटलेले असत आणि ऑइल तापेल तसे एकेक करून विझत. कंपनीचा निरोप सरळ होता : आधी तापू द्या, मग खेचा. आपल्याकडे त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा ऐकला जातो.

दुसरी बाब वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर गाडी ओढण्याच्या सवयीची. सहाव्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर दाबणारा मालक स्वतःला काटकसरी समजतो, पण त्या क्षणी बेअरिंगमधला ऑइलचा थर सर्वांत पातळ आणि त्यावरचा भार मात्र मोठा असतो. थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनात तर अशा वेळी ऑइल आणि पेट्रोलचा एखादा थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेतो आणि एका झटक्यात पिस्टन फोडू शकतो. २०१८ आणि २०२० मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने (एपीआय) ऑइलची जी नवी मानके आणली, त्यांत याच बिघाडाची चाचणी घालावी लागली.

तिसरे आणि सर्वांत बोलके उदाहरण पोर्शचे. टर्बो आणि जीटी३ वगळता, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००८ पर्यंतच्या बॉक्सस्टर आणि ९११ गाड्यांत इंटरमीडिएट शाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत इंजिनाची गती पोहोचवणाऱ्या दांड्याला) एक सीलबंद बेअरिंग होते. त्याचे सील कडक झाले की आतले ग्रीस धुऊन जाते, ऑइल पुरेसे पोहोचत नाही, बेअरिंग तुटते, कॅमशाफ्टचे टायमिंग सुटते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन संपते. या गाड्यांवर आयुष्य काढलेल्या अनेक तंत्रज्ञांचे निरीक्षण असे की, हा बिघाड क्वचित बाहेर निघणाऱ्या आणि हळू चालवलेल्या गाड्यांत अधिक दिसतो.

एक खुलासा. १९ मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण जिवांचा बळी गेल्यानंतर या शहरात ‘वेगात चालवा’ असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये, आणि मी तसे म्हणतही नाही. वरचे फेरे म्हणजे वरचा वेग नव्हे. बहुतेक स्पोर्ट्‌स कार दुसऱ्या गिअरमध्ये लाल रेषेला (फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला) पोहोचतात तेव्हा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात प्रवेश करताना कायदा न मोडताही इंजिनाला मोकळा श्वास देता येतो.

जुना फिटर

धागालेखकांची मांडणी अभ्यासपूर्ण आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही.

तालमीत सगळे धडधाकट दिसतात, कारण ज्यांचे गुडघे गेले ते घरी बसलेले असतात. खेचून चालवलेल्या ज्या गाड्या आपण भरवशाच्या म्हणून दाखवता, त्या टिकलेल्या गाड्या आहेत. ज्यांची इंजिने खोलली गेली त्या आता बाजारात दिसणार नाहीत. शिवाय गाडी खेचणारा मालक बहुधा निम्म्या मुदतीत ऑइल बदलतो, ब्रेक फ्लुइडची तारीख लक्षात ठेवतो आणि जरा वेगळा आवाज आला की गॅरेज गाठतो. रविवारवाला मात्र ‘किलोमीटर कुठे झालेत?’ असे म्हणत तीन वर्षे तेच ऑइल ठेवतो. मग श्रेय फेऱ्यांना द्यायचे की ऑइलला? ही दोन कारणे वेगळी केल्याशिवाय आपला दावा टिकत नाही.

आपण दिलेले पोर्शचे उदाहरण तर आपल्याच विरोधात जाते. त्या बेअरिंगवरून अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये २००१ ते २००५ च्या गाड्यांसाठी तडजोड झाली. त्या प्रकरणात समोर आलेले आकडे असे की, आधीच्या दुहेरी रांगेच्या बेअरिंगमध्ये बिघाडाचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास होते आणि नंतरच्या एकेरी रांगेच्या बेअरिंगमध्ये सुमारे ८ टक्के. गाडी तीच, मालकवर्ग तोच, चालवण्याची पद्धतही तीच. बदलले ते बेअरिंग. कारखान्यात झालेली चूक मालकाचा पाय कशी भरून काढणार?

उलट दिशेचे उदाहरणही पोर्शचेच घ्या. २०१४ मध्ये नव्या ९११ जीटी३ च्या काही गाड्यांना आग लागली. पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडचा बोल्ट ढिला होऊन रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर येत होता. कंपनीने जगभरातल्या ७८५ गाड्यांची इंजिनेच बदलून दिली. हे इंजिन ९,००० फेऱ्यांचे होते, आणि इथे भौतिकशास्त्र धागालेखकांच्या बाजूला नाही : पिस्टन आणि रॉडच्या जडत्वाचा भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे ४,००० वरून ८,००० केले की तो भार दुप्पट नव्हे, चौपट होतो.

आणि गाडी म्हणजे केवळ इंजिन नव्हे. डॉट ४ ब्रेक फ्लुइडचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश असतो, हवेतली आर्द्रता शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. इथला पावसाळा पाहता हे फ्लुइड दोन वर्षांवर ठेवू नये. ‘इंजिनाला मोकळा श्वास’ देऊन ताम्हिणीचा उतार उतरणाऱ्याचे ब्रेक पेडल जेव्हा एकाएकी तळाला जाते, तेव्हा इंजिन उत्तम तापलेले असते, यात शंका नाही. सिंक्रोनायझर, व्हील बेअरिंग, इंजिन माउंटिंग, डिस्क यांपैकी एकही भाग खेचल्याने सुधारत नाही.

बाणेरवासी

दोघेही जणू मोकळ्या रस्त्यावर राहतात. पुण्यात स्पोर्ट्‌स कार संपते ती विद्यापीठ चौकात आणि हिंजवडीच्या रस्त्यावर. फेरारीच्या ३६० आणि एफ४३० मध्ये पॅडलने चालणारा एकेरी क्लच होता. तो वेगाने नव्हे, तर इंचाइंचाने सरकण्याने आणि चढावर रिव्हर्स घेण्याने झिजतो. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची) गोष्टही फार वेगळी नाही. २०१३ मध्ये चीनमध्ये त्यावरून सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तळघरात उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात ते वेगळेच. त्याला ना फेऱ्यांशी घेणे, ना ऑइलशी.

घाटमाथा

जुना फिटर यांनी वर्गाचा नियम बरोबर सांगितला, परंतु लाल रेषा कुठे आखायची हे ठरवताना अभियंता तोच नियम समोर ठेवतो. १९९९ मध्ये आलेल्या होंडा एस२००० चे दोन लिटरचे इंजिन ९,००० फेऱ्यांपर्यंत जात असे आणि त्याची ख्याती टिकाऊपणासाठीच आहे. जीटी३ मध्ये दोष बोल्टच्या जोडणीत होता. बोल्ट बदलले, फेरे तेच राहिले. तेव्हा ते उदाहरण माझ्याविरुद्ध कसे जाते, ते मला उमगले नाही.

‘खेचणे’ या एकाच शब्दाखाली आपण दोन निराळ्या गोष्टी मोजत आहोत. तापलेल्या इंजिनाचे फेरे सावकाश वर नेणे हा एक प्रकार, आणि जागेवर उभे राहून लाँच कंट्रोलने (थांबलेली गाडी पूर्ण जोराने सोडणाऱ्या प्रणालीने) गाडी उडवणे हा दुसरा. पहिल्यात भार क्रमाने चढतो, दुसऱ्यात तो गिअरबॉक्सवर आणि ॲक्सलवर घणासारखा आदळतो. निस्सानच्या सुरुवातीच्या जीटी-आरमध्ये गिअरबॉक्स मोडल्यावर वॉरंटीवरून मोठे वाद झाले आणि पुढे कंपनीने लाँच कंट्रोलची प्रणालीच सौम्य केली. अशा मालकाची वकिली मी करत नाही.

माझदाच्या रोटरी इंजिनाचे (ज्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो) तज्ज्ञ तर आरएक्स-८ अधूनमधून वरच्या फेऱ्यांपर्यंत न्याच, असे आवर्जून सांगतात, कारण हळू चालवल्यास आत कार्बन साचतो आणि तो रोटरच्या टोकाच्या सीलांना अडकवतो.

हिशेबनीस

मी अशी गाडी विकत घेण्याच्या तयारीत आहे, त्यामुळे माझा दृष्टिकोन ग्राहकाचा. मला मालकाच्या स्वभावाची कथा नको, नोंद हवी. पोर्शच्या इंजिनाचा संगणक ठरावीक मर्यादेपलीकडे फेरे किती वेळा गेले, ते गटवार साठवून ठेवतो. खालच्या गटांतल्या नोंदी म्हणजे मालक लाल रेषेला टेकला आणि लिमिटरने (इंधन तोडून फेरे रोखणाऱ्या यंत्रणेने) अडवले; त्याला घाबरण्याचे कारण नाही. वरच्या गटांतली नोंद मात्र निराळीच गोष्ट सांगते. पाचव्यात टाकायचा गिअर चुकून तिसऱ्यात पडला की चाकेच इंजिनाला फिरवतात. तिथे लिमिटर इंधन तोडूनही काही करू शकत नाही, आणि व्हॉल्व्ह वाकतात किंवा बेअरिंग दुखावते.

दुसरा आकडा इंजिन चालल्याच्या तासांचा, आणि तो मला किलोमीटरपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ३०,००० किलोमीटर सरासरी ताशी २० ने झाले असतील तर इंजिन १,५०० तास चालले. सरासरी ६० असेल तर केवळ ५०० तास. ओडोमीटरवर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. बाणेरवासी यांचा मुद्दा मला म्हणूनच पटतो. ‘फक्त कोथरूड ते औंध चालवली’ असे कोणी अभिमानाने सांगितले, की मी तासांचा आकडा आधी मागतो. धागालेखकांना मात्र प्रश्न आहे : इंजिन तापल्यावरच खेचले, हे कोणत्या नोंदीतून कळते?

जुना फिटर

हिशेबनीस यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही, कारण तशी नोंद ग्राहकाला सहसा दिसत नाही. आणि धागालेखकांचा सगळा सिद्धान्त ‘पुरते तापल्यावर’ या दोन शब्दांवर उभा आहे. आरएक्स-८ चे म्हणाल, तर तज्ज्ञांचा सल्ला जगजाहीर असूनही माझदाला अमेरिकेत त्या इंजिनाची वॉरंटी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली.

माझ्याकडे तपासणीसाठी गाडी आली, की मी मालकाला कसे चालवता हे विचारत नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी थंड सुरू करून पहिल्या काही सेकंदांचा आवाज ऐकतो, ऑइल फिल्टर कापून त्यात धातूची चमक दिसते का ते पाहतो, ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो आणि ऑइल बदलल्याची बिले तारखेनुसार लावून घेतो. आपल्या दाव्याची पडताळणी करायची असेल, तर ऑइल बदलण्याची मुदत अगदी सारखी असलेल्या दोन गाड्या आणाव्यात, एक खेचलेली आणि एक जपलेली. दोन्हींचे फिल्टर कापायला मी तयार आहे.