शिक्षकांना खरंच ‘पाच तास काम आणि तीन महिने सुट्टी’? हिशोब कसा मांडावा?

पालक_सदस्य:
पालक-शिक्षक संघात शाळेच्या सुट्ट्या आणि शिक्षकांचे कामाचे तास यांवर चर्चा ठेवली आहे. ‘शाळा पाच तासांची, म्हणजे काम पाच तासांचं’ आणि ‘वर्षात तीन महिने सुट्टी, पगार बाराही महिन्यांचा’ ही दोन वाक्यं हमखास येतात. त्यावर शिक्षकांकडून ‘एकदा वर्गात उभं राहून बघा’ असं उत्तर येतं आणि चर्चा तिथेच संपते. वर्षभराचे तास कसे मोजायचे, नोकरदारांशी तुलना करताना काय सारखं धरायचं आणि पालकांचं मत घ्यायचं तर प्रश्न कसे लिहायचे, हे जाणकारांनी सांगावं. वर्ग पहिली ते आठवी, आठवडा सहा दिवसांचा.

तासिका_नियोजक:
आधी दिवस मोजा. तासांकडे नंतर वळा.

शिक्षणहक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास आहेत, तर सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. आता पाच दिवसांच्या आठवड्याचा नोकरदार घ्या. ५२ आठवड्यांचे २६० दिवस होतात. त्यातून १५ सार्वजनिक सुट्ट्या आणि २५ दिवस रजा वजा केली की राहतात २२०. म्हणजे सहावी ते आठवीचा शिक्षक आणि हा नोकरदार कामावर येतात ते दिवस सारखेच. नोकरदाराच्या ५२ शनिवारच्या सुट्ट्या वर्षभर विखुरलेल्या असतात म्हणून त्या कुणी मोजत नाही. शिक्षकाच्या सुट्ट्या सलग येतात, म्हणून डोळ्यांत भरतात. पहिली ते पाचवीच्या शिक्षकाचे मात्र खरोखर २० दिवस कमी भरतात, आणि ते तसंच सांगावं.

आता तास. १००० भागिले २२० म्हणजे दिवसाला साधारण साडेचार तास. लोक म्हणतात ते ‘पाच तास’ इथून येतात. पण हा मुलाच्या शिकण्याचा वेळ झाला. त्याच अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत, तयारीचा वेळ धरून. सहा दिवसांत वाटले तर रोज साडेसात तास. २२० दिवसांचे १६५० तास होतात. आठ तासांच्या नोकरदाराचे २२० दिवसांचे १७६०. फरक ११० तासांचा. २०० दिवसांच्या शाळेत तो २६० तासांचा होतो. चर्चा व्हायचीच असेल तर या आकड्यांवर व्हावी, तीन महिन्यांवर नको.

वह्यांचा_गठ्ठा:
वरचा हिशोब पटला, पण ४५ तास कागदावरचे आहेत. ते प्रत्यक्षात भरतात का, हे कामं सुटी करून बघावं लागेल. एका विषयशिक्षकाचं उदाहरण मांडते.

३५ मिनिटांच्या ३२ तासिका म्हणजे १८ तास ४० मिनिटं अध्यापन. ४५ मुलांच्या चार तुकड्या, म्हणजे १८० वह्या. एका वहीला ३ मिनिटं धरली तर एका फेरीला ९ तास, आणि दोन आठवड्यांतून एकदा तपासल्या तर आठवड्याला साडेचार तास. तयारी प्रत्येक तासिकेला वेगळी धरू नका, ही चूक नेहमी होते. चारही तुकड्यांना एकच धडा असेल तर ३२ तासिकांमागे ८ वेगळे धडे, आणि टाचणासह अर्धा तास धरला तर ४ तास. बेरीज २७ तास १० मिनिटं.

४५ मधले उरलेले १७ तास ५० मिनिटं कुठे जातात, हा खरा प्रश्न आहे. परिपाठ, मधल्या सुट्टीतली देखरेख, गैरहजर शिक्षकाच्या ऑफ तासिका, हजेरीपट, ऑनलाइन माहिती भरणं, बैठका, पालकांशी बोलणं. हे कधीच कुणी लिहून ठेवत नाही, त्यामुळे शिक्षकालाही ते पुराव्यानिशी सांगता येत नाही.

परीक्षेचं काम वेगळं धरा. १८० उत्तरपत्रिका, प्रत्येकी १२ मिनिटं, म्हणजे ३६ तास. दहा दिवसांची मुदत असेल तर रोजचं काम सांभाळून दिवसाला साडेतीन तासांहून जास्त. वार्षिक परीक्षेनंतर मुलांची सुट्टी सुरू होते तेव्हा बाहेरच्यांना शाळा बंद दिसते, पण निकालपत्रकं तेव्हाच तयार होत असतात.

स्पष्ट_बोलणारा:
सरासरीच्या आड एक गोष्ट लपते, ती मांडायलाच हवी. भाषा शिकवणाऱ्याला निबंध तपासावे लागतात, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला गठ्ठे नसतात पण मैदानावरचा आणि स्पर्धांचा वेळ असतो. वर्गशिक्षकपद असलेला आणि नसलेला यांच्या नोंदींच्या कामातही मोठा फरक पडतो. काही शिक्षक नेमून दिलेल्या वेळेपलीकडे काहीच करत नाहीत, हेही खरं आहे. ‘शिक्षक किती तास काम करतात’ याला एकच आकडा दिला की कमी काम असलेल्याचं झाकलं जातं आणि जास्त काम असलेल्यावर अन्याय होतो. गट पाडूनच आकडे मागा.

परदेशातले आकडे वापरतानाही हेच. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या २०१८ च्या टॅलिस या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत माध्यमिकच्या खालच्या टप्प्यावरच्या शिक्षकांची सरासरी आठवड्याला ३८.३ तास आली, त्यात प्रत्यक्ष अध्यापन २०.३ तास. हा आकडा घेऊन ‘बघा, ४० सुद्धा नाहीत’ असं म्हणणारे विसरतात की त्यात अर्धवेळ शिक्षकही मोजलेले आहेत. त्याच पाहणीत जपानचे ५६ तास होते, आणि अध्यापन फक्त १८! म्हणजे तासिका कमी केल्या की काम कमी होतंच असं नाही. शिकवण्याव्यतिरिक्त काय गळ्यात पडतं, त्यावर सगळं अवलंबून असतं.

रजा_नियम:
‘तीन महिने सुट्टी’ म्हणताना रजेची बाजू सुटते. आपल्याकडे दीर्घ सुट्टी असलेल्या विभागातल्या कर्मचाऱ्यांना अर्जित रजा इतरांइतकी मिळत नाही. केंद्र सरकारच्या इतर कर्मचाऱ्यांना ती वर्षाला ३० दिवस असते. सुट्टीत कामाला बोलावलं तर त्या प्रमाणात रजा जमा होते, पण तसा लेखी आदेश असावा लागतो. तोंडी सांगून बोलावलेले दिवस हिशोबात येत नाहीत, आणि गडबड बहुतेक वेळा इथेच होते. शिवाय सत्र चालू असताना आठवडाभर रजा मागणं शिक्षकाला अवघड, नोकरदार मात्र महिना निवडू शकतो.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येतात. त्यांचे दिवस वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर ते अध्यापनात मिसळतात.

इंग्लंडमध्ये १९५ दिवसांत मिळून १२६५ तास मुख्याध्यापक ठरवेल ते काम, अशी अट आहे. दिवसाला जवळपास साडेसहा तास. पण त्यापलीकडे काम पूर्ण करायला लागेल तो वाजवी वेळ शिक्षकाने द्यायचा असतो, आणि त्याला वरची मर्यादा नाही. नुसते १२६५ सांगितले तर चित्र अर्धंच राहतं.

दोघेही_नोकरीत:
पालकांच्या रागामागचं कारण कुणी बोलत नाहीये, म्हणून लिहिते. ३६५ मधून ५२ रविवार आणि २२० शाळेचे दिवस गेले की ९३ दिवस राहतात. १५ सार्वजनिक सुट्ट्या वजा केल्या तर ७८, आणि त्यातले शनिवार सोडले तर साधारण ६५. आईवडील दोघांची रजा मिळून ५०. दोघांनी एकही दिवस एकत्र रजा घेतली नाही तरी १५ दिवस मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न उरतोच, आणि आजारपणाचे दिवस यात धरलेलेच नाहीत. ज्यांची रजा १२ दिवसांची आहे त्यांचं काय?

हा त्रास खरा आहे, पण तो शिक्षकाच्या कामाच्या तासांचा प्रश्न नाही. शाळेची इमारत आणि मैदान सुट्टीत वापरून वेगळ्या मानधनावर वेगळी माणसं नेमता येतात. सुट्ट्या विभागूनही घेता येतात. अमेरिकेत काही शाळा ४५ दिवस शाळा आणि १५ दिवस सुट्टी असं चक्र चालवतात. एकूण दिवस तेवढेच राहतात, फक्त सलग सुट्टी लहान होते.

पालक_सदस्य:
खूप उपयोगी. सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात, म्हणून सुट्टी कमी करा, असंही काही जण म्हणतात. आणि प्रश्नावलीचं राहिलंच.

तासिका_नियोजक:
विसरण्याबद्दल: हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. सुट्टीनंतर सरासरी एक महिन्याच्या अभ्यासाएवढी घट दिसली, आणि ती वाचनापेक्षा गणितात जास्त होती. तो तिथला आहे, आपल्या वर्गांना जसाच्या तसा लावू नका. सुट्टीआधी आणि शाळा उघडल्यावर एकाच काठिण्याची वीस गुणांची चाचणी घेतली तर आपल्या मुलांचं चित्र कळेल.

प्रश्नावलीत ‘शिक्षकांना सुट्ट्या आणि पगार जास्त आहेत असं वाटतं का?’ असला प्रश्न नको. त्यात दोन प्रश्न आहेत, ‘हो’ म्हणणारा कशाला हो म्हणतोय ते कळत नाही. आधी अंदाज विचारा: शाळा वर्षात किती दिवस भरते, शिक्षक आठवड्याला किती तास काम करतो. मत त्यानंतर. उलट क्रमाने विचारलं तर लोक आपल्या मताला साजेसा अंदाज लिहितात. मुलाची विश्रांती, घरची सोय आणि शिक्षकाचं काम यांवर तीन स्वतंत्र प्रश्न ठेवा, ‘माहीत नाही’ हा पर्याय द्या. आणि प्रश्नावली सुट्टीच्या तोंडावर वाटू नका, तेव्हा सगळी उत्तरं घरच्या सोयीकडे झुकतात.

शिक्षकांकडून आठवणीतले तास घेऊ नका. १५ मिनिटांच्या रकान्यांची नोंदवही दोन आठवडे भरून घ्या, एक साधा आठवडा आणि एक परीक्षेचा. आठवडे आधीच ठरवा, नाहीतर प्रत्येक जण आपला सर्वांत धावपळीचा आठवडा निवडेल. दीर्घ सुट्टीतला एक आठवडाही भरून घ्या, त्यात पानं कोरी राहिली तरी चालतील.