चार्ल्सटनमध्ये सिटी मार्केट वगळू नका

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात सिटी मार्केट नावाचा जुना बाजार आहे. तिथे नुसत्या टुरिस्ट वस्तू मिळतात, त्यापेक्षा खरेदीसाठी सरळ किंग स्ट्रीट गाठा, असा सल्ला कुणी देईल. कपडे आणि अँटिक्ससाठी किंग स्ट्रीट छानच आहे, पण मार्केट वगळू नका. मीटिंग स्ट्रीटवरच्या १८४१ च्या मार्केट हॉलमागे लांबच लांब शेड्स आहेत. तिथले टी-शर्ट, मॅग्नेट सोडा आणि स्वीटग्रास या गवताच्या टोपल्या विणणाऱ्या गल्ला (Gullah) समाजाच्या बायकांपाशी थांबा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले त्यांचे पूर्वज इथल्या भातशेतीत धान पाखडायला (आपल्या सुपाचंच काम) अशा पसरट टोपल्या विणत, तीच ही कला. २००६ मध्ये ती साउथ कॅरोलायनाची अधिकृत राज्य हस्तकला ठरली. लहानशी टोपलीही महाग वाटेल, पण त्यात कित्येक तासांचं हातकाम असतं. कृपया घासाघीस करू नका.

खाण्यात श्रिम्प अँड ग्रिट्स हवंच: मक्याच्या भरड्याची मऊ लापशी आणि वर कोळंबी. त्यात बऱ्याचदा बेकन असतं, रेड राइसमध्येही (टोमॅटो घालून केलेला भात). पोर्क चालत नसेल तर ऑर्डर देण्याआधीच विचारा. खेकडा आवडत असेल तर शी-क्रॅब सूपही घ्या. नावाजलेल्या ठिकाणी रात्रीचं टेबल आधीच बुक करा.