मॉन्स्टर हंटर वर्ल्ड: झोपलेला राक्षस कोणी उठवायचा आणि कार्ट कोणाच्या नावावर मांडायची?

शनिवारपेठी_पालिको
आम्ही चौघे, कोथरूड ते सिंहगड रोड पट्ट्यातले. पीसीवर मॉन्स्टर हंटर वर्ल्ड, म्हणजे मिळून राक्षसांची शिकार करायचा गेम, आईसबॉर्न या विस्तारासकट. शनिवारी रात्री दहाला बसतो आणि साडेदहाला भांडण सुरू. वाद तीनच:
१) राक्षस झोपला की लाँग स्वोर्डवाला धावत जाऊन पहिला घाव घालतो. ग्रेट स्वोर्डवाला चिडतो.
२) एकच जण दोनदा कार्ट होतो (म्हणजे पडतो आणि गाडीवरून कॅम्पात परत जातो), तिसऱ्यांदा दुसरा कोणीतरी होतो, आणि शिव्या त्या तिसऱ्याला.
३) होस्टला (ज्याने शिकार सुरू केली त्याला) राक्षस मारायचा असतो, दुसरा कोणीतरी जिवंत पकडून मोकळा होतो.
यात काही ठरलेली पद्धत आहे का? एसओएसवर, म्हणजे मदतीच्या हाकेवर, येणाऱ्या अनोळखी लोकांना तरी काय सांगायचं?

हॅमर_डोक्यालाच
झोपेपासून सुरू करतो, कारण तिथे भावनेचा प्रश्न नाही, सरळ हिशोब आहे. झोपलेल्या राक्षसावर पडणाऱ्या पहिल्या घावाचा मार दुप्पट लागतो. फक्त पहिल्या. तो लाँग स्वोर्डच्या एका साध्या फटक्यावर घालवला तर दुप्पट होऊन होऊन किती होणार? म्हणून मान ग्रेट स्वोर्डचा. पण त्यांनाही एक शिकवायला हवं. ट्रू चार्ज्ड स्लॅशचे घाव दोन असतात, आधी हलका, मग जड. शरीराला अगदी चिकटून उभं राहिलात तर दुप्पट होतो तो हलका, आणि जड घाव पडतो तेव्हा राक्षस जागा असतो. थोडं मागे, तिरकं उभं राहा. पहिला हवेत जाऊ दे, दुसरा डोक्यावर पडू दे. हे जमत नसेल तर मान मागू नका, साधा चार्ज्ड स्लॅश मारा.

गटात ग्रेट स्वोर्ड नसेल तर बाँब. प्रत्येकाने मेगा बॅरल बाँब डोक्याजवळ ठेवायचे, सगळ्यांनी लांब व्हायचं आणि एकानेच स्लिंगरने (हातावरच्या गोफणीने) उडवायचे. नेम बाँबवर धरा. खडा आधी राक्षसाला लागला की दुप्पट मार त्या खड्याला मिळाला.

मधल्या वेळात बाकीच्यांनी धार लावायची, पोशन प्यायचं. आणि पालिको घेऊन आलेल्या दोघांच्या खेळात मांजर काय करील ते मांजरालाच माहीत. तिला दोष देऊ नये.

सदाशिव_रथालोस
झोपलेल्याच्या अंगावर पाटी लावा: "१ ते ४ विश्रांती. घाव घालणाऱ्यांनी आधी विचारावे. विचारले तरी उत्तर मिळेलच असे नाही."

हॉर्न_वाजवा_लेको
कार्टबद्दल. नेहमीच्या क्वेस्टला (शिकारीच्या कामगिरीला) तीन कार्ट असतात आणि त्या अख्ख्या गटाच्या सामाईक आहेत, माणशी नाहीत. प्रत्येक कार्टला बक्षिसाचे झेनी (गेममधले पैसे) कमी होतात, तिसरीला क्वेस्ट गेली. इन्व्हेस्टिगेशन या खास क्वेस्टमध्ये मात्र हा आकडा वेगळा असतो, कधी पाच, कधी फक्त एक. वेळ आणि माणसांची मर्यादाही वेगळी असते. तुमच्यातल्या निम्म्या भांडणांचं मूळ इथेच असेल. निघण्यापूर्वी क्वेस्टचा कागद होस्टने मोठ्याने वाचायचा.

तिसऱ्यावर खापर फोडणं चुकीचंच, कारण पहिल्या दोन कार्टनी त्याला शून्य शिल्लक ठेवून दिली होती. आम्ही पाळतो तो नियम: जो दोनदा गेला त्याने शस्त्र म्यान करायचं आणि उरलेली शिकार लाईफपावडर (सगळ्यांना बरं करणारी), सापळे, फ्लॅश पॉड (राक्षसाला दिपवणारे) यावर काढायची. कॅम्पमध्ये बसून राहायचं नाही. बसलेल्यालाही बक्षीस मिळतं आणि राक्षसाची ताकद मात्र त्याला धरूनच मोजलेली असते, म्हणजे बाकीच्यांवर ओझं. आईसबॉर्न आल्यापासून माणसं खरंच बाहेर पडून दोघे किंवा एकच उरला तर ताकद कमी होते. त्यामुळे जेवायला हाक आली तर सरळ "रिटर्न फ्रॉम क्वेस्ट" करा, बाकीचे पुढे खेळतील.

आणखी एक. पीसीवर कोणाचा किती मार हे दाखवणारी ओव्हरले बरेच जण लावतात. तो आकडा बघून माझ्यासारख्या हॉर्नवाल्याला बोलू नका. माझ्या सुरांनी तुमचा हल्ला वाढला तो आकडा तुमच्या नावावर दिसतो.

तोडा_शेपटी
हॅमरदादांशी सहमत, पण लाँग स्वोर्डवाल्याला एकट्यालाच झोडपू नका. ग्रेट स्वोर्डचा खालून वर जाणारा घाव, हॅमरचा गोल्फ फटका, बंदुकीचे क्लस्टर बाँब हे सगळे मित्राला हवेत उडवतात. जागा वाटून घ्या: हॅमर आणि हॉर्न डोक्याला, कापणारी शस्त्रं शेपटीला. फ्लिंच फ्री या कौशल्याची एक लेव्हल चिलखतात बसवली की लाँग स्वोर्डचे किरकोळ धक्के थांबतात. उडवणाऱ्या घावांवर तिचा इलाज नाही, तिथे समोरच्याने बघूनच मारायला हवं.

पकडणं की मारणं: ज्याची क्वेस्ट त्याचा शब्द. मिनीमॅपवर राक्षसाजवळ कवटी दिसली की तो पकडता येतो. सापळा आणि गुंगीचे दोन ट्रँक बाँब, झालं. म्हणूनच एकाने घाई केली की सगळ्यांची शिकार संपते. होस्टला शेपटी हवी असेल आणि ती अजून तुटली नसेल तर कवटी दिसली तरी ट्रँक खिशातच ठेवा. शेपटी तुटली की राक्षस जागा बदलतो तेव्हा लगेच कापून घ्या. मेल्यानंतर साठ सेकंद मिळतात, त्यात अंगाचे तीन तुकडे कापायचे आणि शेपटी दुसऱ्या भागात पडली असेल तर तिथवर पोहोचणं होत नाही. ड्रॉप (मिळणारा माल) प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळे "माझा तुकडा नेला" असं काही नसतं.

एल्डर ड्रॅगन जातीच्या राक्षसांना सापळा लावता येत नाही, तिथे हा वादच नाही.

हॅमर_डोक्यालाच
शेपटीचं बरोबर. एक भर: क्लच क्लॉने (राक्षसाला धरायच्या आकड्याने) भिंतीवर आदळणं राक्षस चिडलेला नसतानाच चालतं. समोरच्याचा लांब कॉम्बो सुरू असताना त्याच्या हातातून राक्षस उचलून भिंतीवर नेऊ नका. आधी शाउटआउट (लिहून ठेवलेला संदेश) द्या. रेडियल मेनूमध्ये "भिंत", "सापळा", "झोपलाय, थांबा" असे तीन टाकून ठेवा. एसओएसवरच्या परदेशी माणसालाही वाचता यावं म्हणून ते रोमन लिपीत, छोट्या इंग्रजी शब्दांत लिहा.

शनिवारपेठी_पालिको
कार्टचा नियम आणि जागावाटप आजपासून लागू. आमच्यापैकी दोघांचं एकमेकांशी कनेक्शनच नीट होत नाही, मध्येच तुटतं. तेव्हा काय?

हॉर्न_वाजवा_लेको
तुटलं की ज्याचं तुटलं तो एकटा पुढे खेळत राहतो, क्वेस्ट वाया जात नाही. तेव्हा बाकीच्यांनी "पळून गेला" म्हणू नये. खेळाडूंची जोडणी थेट एकमेकांशी होते. दोघांचंही फायबर एकच पब्लिक आयपी अनेक घरांना वाटणाऱ्या पद्धतीचं असेल तर अडचण येते. एकाने स्वतंत्र पब्लिक आयपी मागून बघा, नाहीतर त्या दिवशी एकाने मोबाईल हॉटस्पॉट लावून पाहा. आणि लाईट जाण्यासाठी राउटरला छोटा यूपीएस.

सदाशिव_रथालोस
यूपीएस लावलात तर शनिवारी भांडण आणखी लांबेल, एवढं लक्षात ठेवा.